विश्लेषण : रॅमजेटचं इंधन बदलतंय, पलसाणा चौकडीच्या दोन रस्त्यांशी त्याचा संबंध काय?

पलसाणा (जि. सुरत) : एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादच्या संरक्षण संशोधन आणि विकास प्रयोगशाळेने (डीआरडीएल) स्क्रॅमजेट इंजिनाचा ज्वलन कक्ष जमिनीवर एक हजार सेकंदांहून अधिक काळ पेटता ठेवला. त्याआधी जानेवारीत हाच आकडा १२० सेकंदांचा होता. बातम्यांमध्ये मथळे झाले ते वेगाचे. ‘आवाजाच्या पाचपट वेगाचं क्षेपणास्त्र’ वगैरे. पण डीआरडीओच्या जानेवारीतल्या निवेदनात एक वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. या इंजिनासाठी उद्योगांच्या मदतीने खास इंधन तयार केलं आणि ते कारखान्याच्या पातळीवर बनवण्याची पद्धतही बसवली, असं त्यात म्हटलं होतं.

म्हणजे शर्यत आता नुसत्या इंजिनाची राहिलेली नाही, इंधनाचीही आहे. आणि इंधन म्हटलं की प्रयोगशाळेच्या पुढे कारखाना, कामगार, टँकर आणि रस्ता हे सगळं आलंच.

पलसाण्याचा संबंध इथे येतो. मुंबई-अहमदाबादचा राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि हजीरा-धुळे-नागपूरचा राष्ट्रीय महामार्ग ५३ या तालुक्यात एकमेकांना छेदतात. पश्चिमेला हजीऱ्यात तोफा बनतात. दक्षिणेला, त्याच ४८ वर, पुणे आहे आणि तिथे या इंधनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. पूर्वेला ५३ वर नागपूर आणि भंडारा, म्हणजे दारूगोळा आणि प्रणोदकांचा पट्टा. देशाच्या संरक्षण उत्पादनाचे तीन कोपरे या एका चौकडीने जोडले आहेत.

रॅमजेट : पंखा नाही, पाती नाही

साधं रॉकेट आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन जातं. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये वजनाचा सुमारे ७० टक्के भाग हा ऑक्सिजन देणाऱ्या क्षाराचाच असतो. रॅमजेट तो भार टाकून देतं. समोरून येणारी हवा वेगामुळेच तोंडात दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं आणि मागून गरम वायू सुटतो. फिरणारा एकही भाग नाही. अडचण एकच. उभ्या जागेवरून ते सुरू होत नाही. आधी कुणीतरी त्याला आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आसपास नेऊन सोडावं लागतं. ते काम बूस्टर रॉकेट करतं, किंवा तोफ.

स्क्रॅमजेट हा त्याच घरातला धाकटा पण जास्त अवघड भाऊ. त्यात हवा इंजिनाच्या आतही आवाजापेक्षा जास्त वेगाने वाहते. सेकंदाला एक किलोमीटरहून जास्त वेगाची हवा एक मीटर लांबीच्या कक्षातून जायला सेकंदाचा हजारावा भागही घेत नाही. तेवढ्या वेळात इंधन मिसळायचं, पेटायचं आणि पूर्ण जळायचं.

किलो मोजायचा की लिटर?

‘जास्त ऊर्जेचं इंधन’ हा शब्द फसवा आहे. कशाच्या मानाने जास्त, हे आधी विचारावं लागतं.

केरोसीनच्या एका किलोत सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते. हायड्रोजनच्या एका किलोत १२०. वजनावर गेलं तर हायड्रोजन जिंकतो. पण क्षेपणास्त्राची टाकी छोटी असते, तिथे हिशोब लिटरचा. द्रवरूप हायड्रोजनच्या एका लिटरमध्ये जेमतेम साडेआठ मेगाज्यूल भरतात, केरोसीनच्या लिटरमध्ये सुमारे ३५. जेपी-१० नावाचं कृत्रिम इंधन क्षेपणास्त्रांसाठीच बनवलेलं आहे. किलोमागे ते केरोसीनपेक्षा सरस नाही, पण घट्ट आहे. म्हणून त्याच टाकीत लिटरमागे सुमारे ४० मेगाज्यूल बसतात.

बोरॉनची गोष्ट वेगळीच. किलोला सुमारे ५८ आणि लिटरला १३५ च्या वर. कागदावर केरोसीनच्या जवळजवळ चौपट. शिवाय एक किलो केरोसीन जाळायला सुमारे १५ किलो हवा लागते, बोरॉनला दहाच्या आत भागतं. म्हणजे आत घेतलेल्या प्रत्येक किलो हवेमागे बोरॉन दुप्पट उष्णता देतो. मग सगळेच बोरॉन का वापरत नाहीत?

भट्टी तीच, सरपण वेगळं? तसं होत नाही

पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही याचं उत्तर अर्धं माहीत असतं. गॅसच्या बर्नरवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये उद्या लिग्नाइट टाकता येत नाही. जाळी बदलते, हवेचा पंखा बदलतो, राख काढायची सोय करावी लागते. आणि राख वितळून चिकटली तर क्लिंकर धरतो, मग भट्टी बंद.

रॅमजेटमध्येही हेच, फक्त तापमान आणि वेग भलतेच जास्त. बोरॉनच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा थर असतो. तो साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो आणि चिकट आवरणासारखा कणाला धरून बसतो. आतला बोरॉन नीट पेटायला सोळाशे अंशांच्या पुढचं तापमान लागतं. कण त्याआधीच इंजिनाबाहेर पडला तर ती सगळी ऊर्जा हवेत गेली. शिवाय वितळलेला ऑक्साइड झडपेत आणि नळीत साचतो, अगदी क्लिंकरसारखा.

त्यामुळे प्रायोगिक वाहनावर नवं इंधन घ्यायचं तर टाकी भरली की झालं, असं नसतं. हवा आणि इंधनाचं प्रमाण बदलतं, म्हणून हवा घेणाऱ्या तोंडाचं माप पुन्हा काढावं लागतं. ज्वाला जास्त तापते, म्हणून आतलं अस्तर बदलावं लागतं. कण जळायला वेळ लागतो, म्हणून कक्ष लांब करावा लागतो. इंधनाची घनता बदलली की वाहनाचा तोल सरकतो आणि नियंत्रणाचं गणित पुन्हा मांडावं लागतं. एवढं झाल्यावर जमिनीवरच्या चाचण्या, आणि मग उड्डाण.

म्हणूनच प्रायोगिक वाहन हे अर्धवट क्षेपणास्त्र नसतं. ते उडती प्रयोगशाळा असतं. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं एक्स-७ हे १९५१ पासून उडालेलं वाहन त्याचं चांगलं उदाहरण. विमानातून ते सोडत. काम झाल्यावर ते पॅराशूटने खाली येई आणि नाकाच्या टोकदार सुळक्यावर जमिनीत रुतून उभं राही. बाकीचा सांगाडा वाचे, म्हणून वेगवेगळ्या मापांची रॅमजेट इंजिनं त्यावर पुन्हा पुन्हा लावून पाहता आली.

अमेरिकेचे हात पोळले, ते का?

१९५० च्या दशकात अमेरिकेने बोरॉन आणि हायड्रोजनच्या संयुगांपासून ‘झिप फ्युएल’ नावाची इंधनं बनवायला घेतली. विचार सरळ होता. विमान तेच, इंधन जास्त ताकदीचं, म्हणजे पल्ला जास्त. कारखाने उभे राहिले, मोठा पैसा ओतला गेला. १९५९ मध्ये कार्यक्रम गुंडाळावा लागला.

कारणं तीन. पहिलं, जळल्यावर होणारा चिकट ऑक्साइड जेट इंजिनाच्या पात्यांवर बसायचा. दुसरं, पेंटाबोरेनसारखी संयुगं हवेत आपोआप पेट घेऊ शकतात आणि अत्यंत विषारी आहेत. तिसरं कारण सगळ्यात बोलकं आहे. उरलेल्या साठ्याचं करायचं काय, हा प्रश्न कित्येक वर्षं लोंबकळत राहिला. शेवटचा साठा सुरक्षितपणे नष्ट करायला २००० साल उजाडलं.

इंजिन चाललं नाही हा धडा सगळ्यांनी लक्षात ठेवला. साठवण, हाताळणी आणि विल्हेवाट यांचा खर्च सुरुवातीला कुणी मोजलाच नव्हता, हा धडा मात्र मागे पडला.

बोरॉन पुढे परत आला, पण वेगळ्या रूपात. विषारी द्रव सोडून बोरॉनची पूड रबरासारख्या घन इंधनात मिसळायची. हे इंधन पहिल्या कक्षात अर्धवट जळतं, त्याचा गरम आणि इंधनाने भरलेला वायू दुसऱ्या कक्षात हवेत मिसळून पूर्ण जळतं. भारतीय राफेल विमानांवर असलेलं युरोपीय ‘मीटिऑर’ क्षेपणास्त्र याच तत्त्वावर चालतं. वायूचा प्रवाह कमी-जास्त करता येत असल्याने शेवटच्या टप्प्यातही त्याच्यात जोर शिल्लक राहतो.

भारत कुठे आहे?

भारताने तीन वाटा एकाच वेळी धरल्या आहेत.

पहिली इस्रोची. २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या ३,२७७ किलोच्या प्रायोगिक वाहनावरची दोन स्क्रॅमजेट इंजिनं हायड्रोजनवर पाच सेकंद चालली. अवकाशात जाणाऱ्या रॉकेटला हायड्रोजन परवडतो, कारण तिथे वजन महत्त्वाचं असतं.

दुसरी डीआरडीओच्या हायपरसॉनिक वाहनाची. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या वाहनाने आवाजाच्या सहापट वेगाने वीस सेकंदांहून जास्त काळ उड्डाण केलं. इथे इंधन हायड्रोकार्बनचं, म्हणजे केरोसीनच्या कुळातलं. २०२५ च्या चाचण्या याच वाटेवरच्या. वर उल्लेख आलेलं खास इंधन दोन कामं करतं. ज्वलन कक्षाच्या भिंतींमधून वाहताना ते उष्णता शोषून घेतं, त्याचे मोठे रेणू तुटतात, आणि मग ते पटकन पेटतं. म्हणजे इंधन हेच कूलंट. मात्र हजार सेकंदांची चाचणी जमिनीवरची आणि छोट्या आकाराच्या कक्षाची होती, हे विसरता येणार नाही. तिथून उडणाऱ्या क्षेपणास्त्रापर्यंत अजून बराच रस्ता आहे.

तिसरी वाट घन इंधनाच्या डक्टेड रॅमजेटची. मे २०१८, फेब्रुवारी २०१९, मार्च २०२१ आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या. जमिनीवरून सोडलेल्या वाहनाला बूस्टरने असा वेग दिला जातो की जणू ते विमानातूनच सुटलंय. लांब पल्ल्याच्या हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी हा पाया आहे.

या तिसऱ्या वाटेत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. डीआरडीएलच्या जोडीला पुण्याच्या सुतारवाडीतली उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा (एचईएमआरएल) काम करते. पुण्यात १९६० मध्ये स्फोटक संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९९५ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. इंधनाच्या या क्षेत्राला मराठी माणूस नवखा नाही. घन प्रणोदकांचं तंत्र देशात रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत गोवारीकर आघाडीवर होते. १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते.

हजीऱ्याची तोफ आणि रॅमजेटचा गोळा

सीमाभागातल्या वाचकाला सगळ्यात जवळचा विषय हा. हजीऱ्यातल्या एल अँड टीच्या कारखान्यात के-९ वज्र ही १५५ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ बनते. पहिल्या १०० तोफांचा करार २०१७ चा, तो २०२१ मध्ये पूर्ण झाला. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी तोफांसाठी सुमारे ७,६२९ कोटी रुपयांचा दुसरा करार केला.

तोफ तीच ठेवून गोळा लांब कसा जाईल, यावर जगभर काम चालू आहे. नॉर्वेच्या नॅमो कंपनीने २०१८ मध्ये रॅमजेट बसवलेल्या १५५ मिलिमीटर गोळ्याची कल्पना मांडली. भारतात आयआयटी मद्रास लष्करासाठी असाच गोळा विकसित करतंय. पल्ला ३० ते ५० टक्के वाढेल, असा संशोधकांचा दावा आहे.

तोफेसाठी रॅमजेट सोयीचं आहे, कारण गोळा नळीतून सुटतानाच सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगात असतो. वेगळा बूस्टर लागत नाही. पण त्या धक्क्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटीहून जास्त असतो. इंधनाच्या वडीला त्यात बारीकशी जरी चीर गेली, तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि गोळा भरकटतो. शिवाय इंजिनाने खाल्लेली जागा स्फोटकाच्या वाट्यातून जाते. म्हणून इथे कमी जागेत जास्त ऊर्जा देणाऱ्या इंधनाचा मोह सगळ्यात जास्त आहे, आणि सगळ्यात धोक्याचाही.

कच्चा माल कुठून येणार?

जेपी-१० सारख्या इंधनाचं मूळ नॅफ्था फोडताना मिळणाऱ्या उपउत्पादनांत आहे. हजीऱ्यात पेट्रोकेमिकलचा मोठा क्रॅकर आहे. तिथे असं इंधन बनतं, असा याचा अर्थ नाही. पण दक्षिण गुजरातच्या रसायन उद्योगाला हे कुळ परकं नाही आणि उद्या ऑर्डर निघाल्या तर इथले कारखाने रांगेत असतील.

बोरॉनचं तसं नाही. जगातले सर्वात मोठे साठे तुर्कस्तानात आहेत आणि भारत बोरॉनच्या खनिजासाठी बाहेरच्या देशांवर अवलंबून आहे. मे २०२५ नंतर भारत-तुर्कस्तान संबंध किती ताणले गेले, हे सफरचंदांच्या बहिष्कारापासून विमानतळावरच्या कंत्राटापर्यंत सगळ्यांनी पाहिलं. क्षेपणास्त्रांना लागणारं बोरॉन टनावारी नसतं, त्यामुळे पुरवठा अगदीच अडेल असं नाही. पण हवी तेवढी बारीक आणि शुद्ध पूड देशात बनवता येणं हा आत्मनिर्भरतेचा खरा कस आहे. आकाशातल्या चाचणीचा व्हिडिओ त्याची जागा घेऊ शकत नाही.

धोका कुणाच्या अंगावर?

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे पलसाण्याच्या शेजारच्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडलं जात होतं. त्यातून विषारी वायू पसरला आणि जवळच्या मिलमधल्या सहा कामगारांचा जीव गेला, वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या टँकरचा क्षेपणास्त्रांशी काही संबंध नव्हता. साधं औद्योगिक रसायन होतं. तरीही एवढं घडलं.

महामार्ग ५३ च्या दुसऱ्या टोकाला १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगावात स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण दगावले, त्यात सहा महिला होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. या दोन्ही घटनाही रॅमजेटच्या इंधनाच्या नाहीत. पण इंधनातली ऊर्जा वाढवायची म्हणजे चुकीला असलेली जागा कमी करायची, हे त्यातून कळतं. प्रयोगशाळेत ग्रॅममध्ये हाताळलेला पदार्थ कारखान्यात किलोंमध्ये आणि पुढे टनांमध्ये येतो. त्या टप्प्यावर पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ तिथे नसतो. कंत्राटी कामगार असतो, आणि त्याच्या पुढे टँकरचा चालक.

कायदे नाहीत असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक लागतो, चालकाला वेगळं प्रशिक्षण लागतं. त्याच वर्षीच्या धोकादायक रसायनांच्या नियमांनुसार जिल्ह्याकडे कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा हवा, आणि आसपासच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती द्यायची जबाबदारी कारखान्यावर आहे. स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं केंद्रीय कार्यालय, पेसो, तर नागपुरातच आहे.

अडचण अशी की आराखडा जिल्ह्याचा असतो आणि टँकर दोन राज्यांचा. सोनगडला गुजरातचा आराखडा संपतो, नवापूरला महाराष्ट्राचा सुरू होतो. मध्ये घाटात वाहन उलटलं तर आधी कुणी धावायचं? आणि माहिती द्यायची ती कोणत्या भाषेत? पलसाणा, कडोदरा, उधना, लिंबायत इथे खानदेशातून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहतात आणि राबतात. गुजरातीत लावलेली सूचना त्यांच्यातल्या कित्येकांना अर्धीच कळते, इंग्रजीतली तर नाहीच.

पुढे कशाकडे लक्ष द्यायचं?

तज्ज्ञांच्या जगात आता ‘सगळ्यात ताकदवान इंधन कोणतं’ हा प्रश्न मागे पडलाय. जे इंधन खात्रीने पेटतं, वर्षानुवर्षं साठवता येतं, कारखान्यात सुरक्षितपणे बनतं आणि उरलं तर नष्ट करता येतं, तेच शेवटी टिकतं. झिप फ्युएलकडे ताकद होती, बाकीचं काही नव्हतं. भारताने २०२५ मध्ये इंधनाबरोबर उत्पादन पद्धतीचाही उल्लेख केला, हे म्हणूनच चांगलं लक्षण आहे.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. स्क्रॅमजेटचा पूर्ण आकाराचा कक्ष जमिनीवरून प्रत्यक्ष उड्डाणात कधी जातो. रॅमजेटचा गोळा लष्कराच्या अंतिम चाचण्यांत उतरतो का, आणि उतरला तर हजीऱ्याच्या तोफांसाठी त्याचं उत्पादन कुठे होतं. तिसरी गोष्ट दिल्ली-हैदराबादच्या हातात नाही. ती सुरत, तापी, नंदुरबार आणि धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयांच्या हातात आहे. महामार्ग ५३ साठी दोन्ही राज्यांचा एकत्र आपत्कालीन सराव आणि मराठी-गुजराती दोन्ही भाषांतल्या सूचना. त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, एक बैठक आणि थोडी इच्छा लागते. इंधनाचा कारखाना येईल तेव्हा येईल. रसायनांचे टँकर आजच धावतायत.